८०८५ स्लाइडवरून शिकवताना: नव्या अध्यापकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

मुंबईतल्या एखाद्या तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या अध्यापकाच्या वाट्याला मायक्रोप्रोसेसर (म्हणजे मुख्यतः इंटेलचा ८०८५) हा विषय बहुधा पहिल्या दोन-तीन सत्रांतच येतो, आणि विषयासोबत आधीच्या अध्यापकांची दीड-दोनशे स्लाइडची फाइलही पेन ड्राइव्हवर येते. त्या फाइलीत पहिल्या स्लाइडवर इतिहास, दुसऱ्या स्लाइडवर वैशिष्ट्यांची यादी आणि तिसऱ्या स्लाइडवर डेटाशीटमधून उचललेली संपूर्ण ब्लॉक आकृती असते. शेवटच्या बाकावरून ती आकृती मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते. अशी फाइल जशीच्या तशी चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्लाइडला फळ्यापेक्षा एकच गोष्ट खरोखर चांगली जमते, ती म्हणजे एकच चित्र जागच्या जागी ठेवून त्यातला एकेक बदल ओळीने दाखवणे. मायक्रोप्रोसेसर हा घड्याळाच्या ठोक्यावर बदलत जाणाऱ्या अवस्थांचा विषय असल्याने स्लाइड इथे उपयोगी पडते, पण ती फक्त या कामासाठी वापरावी. बाकीचे काम फळा, छापील कागद आणि प्रयोगशाळेतले किट (८०८५ बसवलेला सरावाचा बोर्ड) यांच्यात वाटून द्यावे.

या लेखात इन्स्ट्रक्शनची नावे देवनागरीत दिली आहेत. स्लाइडवर मात्र ती रोमन मोठ्या अक्षरांतच लिहावीत, कारण परीक्षेत, सिम्युलेटरमध्ये आणि किटच्या पुस्तिकेत ती विद्यार्थ्यांना तशीच भेटतात.

स्लाइड करायला घेण्यापूर्वी

सर्वप्रथम प्रयोगशाळेत जाऊन किट सुरू करून पाहावे. वापरासाठी मोकळी असलेली रॅम कोणत्या पत्त्यापासून कोणत्या पत्त्यापर्यंत आहे, मेमरीत बाइट भरण्याची आणि प्रोग्रॅम चालवण्याची कळ कोणती, एकेक इन्स्ट्रक्शन थांबवत चालवण्याची सोय आहे की नाही, या तीन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात. बऱ्याच किटमध्ये वापरकर्त्याची रॅम २००० हेक्सपासून (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरचे आकडे) सुरू होते, पण सगळ्यांत नाही. स्लाइडवर एक पत्ता आणि किटवर दुसरा असला, तर पहिल्या प्रात्यक्षिकाचा पहिला अर्धा तास त्या गोंधळातच जातो.

त्यानंतर, ‘एवढा जुना प्रोसेसर आता कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर स्वतःशी पक्के करावे, कारण हा प्रश्न पहिल्याच तासाला येतो आणि तो रास्तही आहे. इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर ४००४ हा १९७१ साली आला, त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. १९७४ साली ८०८० आणि १९७६ साली ८०८५ आला. ८०८० ला तीन वेगवेगळ्या व्होल्टेजचा पुरवठा लागत असे, तर ८०८५ चे एका पाच व्होल्टवर भागले. आजच्या मोबाइलमध्ये ८०८५ नाही, हे प्रांजळपणे मान्य करावे. तो शिकवायचा तो अशासाठी, की त्याच्या ४० पायांवर जे घडते ते जवळजवळ सगळे बाहेरून मोजता येते. मध्ये कॅशे नाही, पाइपलाइन नाही. इन्स्ट्रक्शन आणणे, तिचा अर्थ लावणे आणि ती पार पाडणे हा क्रम आजच्या प्रोसेसरलाही चुकलेला नाही. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ असो की आपल्या पवईच्या आयआयटीत घडलेला ‘अजित’, दोघेही पुढे समजून घ्यायचे तर पाया हाच लागतो. इतिहासाला यापेक्षा अधिक वेळ देऊ नये. एक स्लाइड आणि पाच मिनिटे पुरेत.

एकच प्रोग्रॅम निवडून तो पुरवून वापरणे

रचना आधी आणि प्रोग्रॅमिंग नंतर, अशी अभ्यासक्रमाची विभागणी असते. ती कागदावर ठीक आहे. वर्गात मात्र पहिल्या आठवड्यापासून एक छोटा प्रोग्रॅम हाताशी ठेवावा, आणि रजिस्टर, बस, टायमिंग, फ्लॅग ही सगळी प्रकरणे त्याच प्रोग्रॅमच्या आधाराने उलगडावीत. मी वापरते तो प्रोग्रॅम नऊ बाइटांचा आहे:

२००० : ३ई ०५ – एमव्हीआय ए, ०५
२००२ : ०६ ०७ – एमव्हीआय बी, ०७
२००४ : ८० – ॲड बी
२००५ : ३२ ५० २१ – एसटीए २१५०
२००८ : ७६ – एचएलटी

ए आणि बी या रजिस्टरांत पाच आणि सात भरायचे, त्यांची बेरीज ०सी (म्हणजे हेक्समधले बारा) एसटीएने २१५० या पत्त्यावर नेऊन ठेवायची आणि एचएलटीने थांबायचे, एवढेच त्याचे काम. सगळ्या इन्स्ट्रक्शन मिळून ७, ७, ४, १३ आणि ५ अशा एकूण ३६ टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) होतात. ६.१४४ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल असलेल्या किटवर प्रोसेसर त्याच्या निम्म्या, म्हणजे ३.०७२ मेगाहर्ट्‌झ वेगाने चालतो, म्हणून हा संपूर्ण प्रोग्रॅम सुमारे पावणेबारा मायक्रोसेकंदांत संपतो. विद्यार्थ्यांना हा आकडा शेवटी सांगावा आणि त्याआधी त्यांच्याकडूनच काढून घ्यावा.

उत्तराचा पत्ता २१५० घेण्यामागे कारण आहे. पहिल्या वर्षी मी तो २०५० घेतला होता. प्रोग्रॅमही २० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर आणि उत्तरही तिथेच, त्यामुळे पत्त्याच्या वरच्या आठ तारांवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत २० हाच आकडा राहिला, आणि ‘या तारा कधी बदलतच नाहीत का?’ असा प्रश्न एका मुलीने विचारला तेव्हा माझ्याकडे दाखवायला एकही स्लाइड नव्हती. उदाहरणातले आकडे असे निवडावेत, की जे शिकवायचे आहे ते डोळ्यांना बदलताना दिसेल. मात्र काही लहान किटमध्ये रॅम २०एफएफलाच संपते. तशा किटवर २१५० चालणार नाही, हे आधीच तपासून घ्यावे.

मूळ चित्र स्वतः काढणे

आता एक रिकामी स्लाइड घ्यावी. डावीकडे प्रोसेसरची चौकट, उजवीकडे मेमरीची चौकट, मधे तीन पट्टे: पत्त्याची बस, डेटाची बस आणि नियंत्रणाच्या तारा. प्रोसेसरच्या चौकटीत सुरुवातीला फक्त चारच रजिस्टर दाखवावेत: ए, बी, प्रोग्रॅम काउंटर (पीसी, म्हणजे पुढे आणायच्या बाइटचा पत्ता ठेवणारा) आणि इन्स्ट्रक्शन रजिस्टर. सी, डी, ई, एच, एल, स्टॅक पॉइंटर ही मंडळी ज्या दिवशी कामाला येतील, त्या दिवशी चित्रात यावीत. एकदा ठरलेली जागा सत्र संपेपर्यंत हलवू नये. पीसी आज वर आणि उद्या खाली दिसला, तर विद्यार्थ्याचे अर्धे लक्ष तो शोधण्यात जाते. रंग तीनच, पत्त्याला एक, डेटाला एक आणि नियंत्रणाला एक. ज्यांना रंगांतला फरक नीट दिसत नाही असा विद्यार्थी वर्गात असू शकतो, म्हणून रेषांची जाडीही वेगवेगळी ठेवावी.

ॲनिमेशनचा मोह टाळावा. बाण सरकत येतो, अक्षरे गरगरत बसतात, हे करायला रात्र जाते आणि वर्गात ‘मॅडम, मागचं परत दाखवा’ असे कोणी म्हटले की सगळा खेळ पहिल्यापासून चालवावा लागतो. त्याऐवजी मूळ स्लाइडची नक्कल करावी, तिच्यात एकच बदल करावा, पुन्हा नक्कल, पुन्हा एक बदल. पाने फटाफट उलटली की बदल आपोआप हलताना दिसतो, मागे जायला एक कळ पुरते आणि फाइल पीडीएफ केली तरी काहीही हरवत नाही.

एका इन्स्ट्रक्शनसाठी तेरा स्लाइड

संपूर्ण विषयात एकच इन्स्ट्रक्शन अशी घ्यावी, की जिचा प्रत्येक टी-स्टेट स्वतंत्र स्लाइडवर दाखवला जाईल. माझी निवड एसटीए २१५० ही आहे, कारण तिच्यात ऑपकोड (इन्स्ट्रक्शनचा सांकेतिक आकडा) आणणे, मेमरी वाचणे आणि मेमरीत लिहिणे हे तिन्ही प्रकार एकत्र भेटतात. तिच्या चार मशिन सायकल (मेमरीशी होणारा एकेक व्यवहार) अनुक्रमे ४, ३, ३ आणि ३ टी-स्टेटच्या, म्हणजे एकूण १३. या तेरा स्लाइडना पाऊण तास लागला तरी लागू द्यावा. पुढच्या इन्स्ट्रक्शनना एका मशिन सायकलला एक स्लाइड एवढे पुरेसे होते.

पहिल्या स्लाइडवर, म्हणजे पहिल्या टी-स्टेटमध्ये, वरच्या आठ तारांवर २० आणि खालच्या आठ तारांवर ०५ दिसते आणि एएलई (तारांवर आत्ता पत्ता आहे हे सांगणारी) ही तार वर जाते. दुसऱ्या टी-स्टेटमध्ये खालच्या आठ तारांवरून पत्ता नाहीसा होतो, वाचण्याचा संकेत देणारी तार खाली येते आणि त्याच आठ तारांवर मेमरीकडून ३२ हा बाइट येऊ लागतो. इथेच थांबावे. एकाच आठ तारांवर आधी पत्ता आणि मग डेटा, ही गोष्ट नवशिक्या विद्यार्थ्याला सर्वांत जड जाते, कारण ‘पत्ता गेला, तर मेमरीला कळणार कसे?’ ही त्याची शंका अगदी योग्य असते.

या ठिकाणी अनेकजण डबेवाल्यांचे उदाहरण देतात. डब्याच्या झाकणावरची खूण म्हणजे पत्ता, आतले जेवण म्हणजे डेटा. उदाहरण मुंबईच्या मुलांना आवडते, पण ते चुकीच्या दिशेने नेते, कारण डब्यावरची खूण जेवणासोबत शेवटपर्यंत राहते आणि इथे नेमकी ती पुसली जाते. त्यापेक्षा दादरच्या फलाटावरचा इंडिकेटर बरा: त्याच फळीवर आत्ता एका गाडीचे नाव दिसते आणि थोड्या वेळाने दुसरेच, म्हणून पहिले नाव ज्याने वेळेवर लक्षात ठेवले त्यालाच ते नंतर उपयोगी पडते. लक्षात ठेवण्याचे हे काम ७४एलएस३७३ हा लॅच करतो. एएलई वर असेपर्यंत तो समोरचा पत्ता जसाच्या तसा पुढे जाऊ देतो, एएलई खाली आली की तेवढा धरून ठेवतो. उपमा एकदाच वापरून सोडून द्यावी आणि चित्रात लॅचची चौकट आणून ०५ हा आकडा तिच्यात या मशिन सायकलच्या पुढच्या सगळ्या टी-स्टेटमध्ये तसाच राहिलेला दाखवावा.

चौथ्या टी-स्टेटमध्ये बसवर काही विशेष घडत नाही, प्रोसेसर आतल्या आत ३२ चा अर्थ लावत असतो. ती स्लाइड गाळण्याचा मोह होतो, पण गाळू नये. दुसऱ्या मशिन सायकलमध्ये २००६ वरचा ५० आणि तिसऱ्यात २००७ वरचा २१ वाचला जातो. हे दोन्ही बाइट प्रोसेसरच्या आत डब्ल्यू आणि झेड या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये थांबतात, ज्यांना प्रोग्रॅममधून हात लावता येत नाही.

आता चौथ्या मशिन सायकलची स्लाइड दाखवण्यापूर्वी पडदा काळा करावा (सादरीकरण चालू असताना इंग्रजी बी ही कळ दाबली की होतो) आणि वर्गाला विचारावे, की आता पत्त्याच्या तारांवर काय असेल. २००५, २००६, २००७ हा क्रम नुकताच डोळ्यांसमोरून गेलेला असल्यामुळे बहुतेक वर्ग एका सुरात ‘२००८’ म्हणतो. स्लाइडवर २१५० दिसते. या क्षणी वर्गात जी कुजबुज होते तिला दोन मिनिटे द्यावीत, कारण पत्ता दर वेळी प्रोग्रॅम काउंटरकडूनच येतो ही समजूत इथे मोडते आणि ‘मग पीसीमध्ये आत्ता काय आहे?’ हा पुढचा प्रश्न विद्यार्थी स्वतःहून विचारतात. पीसीमध्ये २००८ च असते. तो पुढच्या इन्स्ट्रक्शनची वाट पाहत असतो. वर्गाचे उत्तर चुकले नव्हते, फक्त ते दुसऱ्या प्रश्नाचे होते, हे त्यांना जरूर सांगावे.

प्रत्येक स्लाइडआधी भाकीत आणि मग उत्तर, ही सवय पहिल्या तासापासून लावावी. नाहीतर मुले स्लाइड वाचत बसतात आणि आपणही.

ऑपकोड पाठ करायचे नसतात

ऑपकोडचा तक्ता स्लाइडवर लावण्यात अर्थ नाही. तो छापून द्यावा. स्लाइडवर मूव्ह इन्स्ट्रक्शनचे आठ बिट घ्यावेत: पहिले दोन ०१, पुढचे तीन जिथे न्यायचे त्या रजिस्टरचे आणि शेवटचे तीन जिथून आणायचे त्याचे. बी म्हणजे ०००, सी ००१, डी ०१०, ई ०११, एच १००, एल १०१, मेमरी ११० आणि ए म्हणजे १११. आता बी मध्ये ए नेण्याचा ऑपकोड विद्यार्थ्यांनाच काढू द्यावा: ०१ ००० १११, म्हणजे ४७. तक्त्यात पाहून तो बरोबर निघाल्याची खातरजमा त्यांची त्यांनी करावी. मग खोडकर प्रश्न विचारावा: मेमरीतून मेमरीत नेण्याचा ऑपकोड काय येईल? ०१ ११० ११०, म्हणजे ७६. पण ७६ तर आपल्या प्रोग्रॅमच्या शेवटी एचएलटी म्हणून बसला आहे! तशी इन्स्ट्रक्शन ८०८५ मध्ये नाही आणि तिची रिकामी जागा थांबण्याच्या इन्स्ट्रक्शनला दिलेली आहे, हे कळल्यावर ऑपकोडमागे माणसांनी केलेली रचना आहे, हे विद्यार्थ्यांच्या प्रथमच ध्यानात येते.

फ्लॅग (निकालाची खूण ठेवणारे एकेक बिट) शिकवताना नवा प्रोग्रॅम घेऊ नये. त्याच प्रोग्रॅममधले दोन आकडे बदलून ९ए आणि ८९ करावेत. हेक्समध्ये बेरीज १२३ येते, ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे ए मध्ये, २३ राहते, कॅरी आणि ऑक्झिलरी कॅरी हे दोन्ही फ्लॅग १ होतात, आणि २३ मध्ये एकांची संख्या तीन, म्हणजे विषम असल्याने पॅरिटी फ्लॅग ० राहतो. एसटीए मात्र फक्त २३ लिहून ठेवते. ‘मग एक कुठे गेला?’ या प्रश्नातून कॅरी तपासणारी जम्प इन्स्ट्रक्शन आपोआप पुढे येते.

प्रोग्रॅमिंगचे तास

इथे स्लाइडचे महत्त्व कमी करावे. संपूर्ण प्रोग्रॅम तयार स्वरूपात पडद्यावर आला, की विद्यार्थी तो उतरवून घेतात, आणि उतरवून घेणे म्हणजे समजणे नव्हे. फ्लोचार्ट फळ्यावर त्यांच्याकडून काढून घ्यावा, प्रोग्रॅम फळ्यावरच एकेक ओळ लिहावा आणि स्लाइडवर फक्त रिकामा तक्ता ठेवावा, ज्यात प्रत्येक इन्स्ट्रक्शननंतर ए, बी, सी आणि फ्लॅग यांची किंमत भरत जाता येईल. कोड दाखवायचाच असेल, तर एका स्लाइडवर आठ-नऊ ओळींपेक्षा जास्त नसाव्यात, सर्व अक्षरे सारख्या रुंदीची असावीत आणि आकार असा असावा, की आपण स्वतः शेवटच्या बाकावर बसून तो विनासायास वाचू शकू. हे बसून पाहणे वगळू नये, कारण दुपारच्या उन्हात पडदे नसलेल्या खोलीत फिकट राखाडी अक्षरे मुळीच दिसत नाहीत.

लूप शिकवायला वेळ घालवणारा प्रोग्रॅम उत्तम. सी मध्ये एफएफ भरायचे, डीसीआर सी ने एकेक कमी करायचे, शून्य होईपर्यंत जेएनझेडने मागे जायचे. भरण्याला ७, प्रत्येक फेरीला ४ आणि १० मिळून १४, आणि शेवटच्या फेरीत उडी न घेतल्याने ३ वजा: ७ अधिक २५५ गुणिले १४ वजा ३, म्हणजे ३,५७४ टी-स्टेट. ३.०७२ मेगाहर्ट्‌झला हा काळ सुमारे १.१६ मिलिसेकंद होतो. डोळ्यांना तो कळणारही नाही, म्हणून बीसी या जोडीत सोळा बिटांचा आकडा भरण्याकडे वळावे लागते.

याच वळणावर एक चूक मुद्दाम करावी. डीसीएक्स बी (ही जोडी एकने कमी करणारी इन्स्ट्रक्शन) आणि लगेच जेएनझेड असे फळ्यावर लिहावे आणि काही क्षण कुणी हरकत घेते का ते पाहावे. बहुधा कुणी घेत नाही. डीसीएक्स कोणत्याही फ्लॅगला हात लावत नसल्यामुळे हा लूप आधीच्या झिरो फ्लॅगवर अवलंबून राहतो: तो एक तर कधी थांबत नाही किंवा पहिल्याच फेरीत संपतो. सी ची किंमत ए मध्ये आणून तिच्यावर ओआरए बी केले, की जोडी शून्य झाली का हे कळते. मग प्रत्येक फेरी ६, ४, ४ आणि १० मिळून २४ टी-स्टेटची होते आणि एफएफएफएफ एवढ्या फेऱ्यांना सुमारे ०.५१ सेकंद लागतो. हा उशीर किटवरच्या दिव्यावर दिसतो, आणि गणित केलेले उत्तर डोळ्यांनी दिसल्यावर प्रात्यक्षिकाची वही वेगळ्या हातांनी लिहिली जाते.

सिम्युलेटर घरी सरावाला द्यावा. ८०८५ चे मोफत सिम्युलेटर उपलब्ध आहेत आणि साध्या संगणकावरही ते चालतात. पण पहिला प्रोग्रॅम किटवर बाइट-बाइट भरूनच चालवावा. एसटीएच्या पत्त्यातला खालचा बाइट आधी आणि वरचा नंतर हा नियम किटवर एकदा चुकला की कायमचा लक्षात राहतो. माझ्याच एका स्लाइडवर घाईत ३२ २१ ५० असे छापले गेले होते. अख्ख्या बॅचने ते विश्वासाने भरले, उत्तर ५०२१ या पत्त्याकडे गेले, जिथे त्या किटवर रॅमच नव्हती, आणि २१५० वर जुनाच कचरा दिसत राहिला. पाऊण तास आम्ही किटला दोष देत होतो. तेव्हापासून स्लाइडवरचा प्रत्येक प्रोग्रॅम मी आदल्या दिवशी किटवर स्लाइडमध्येच बघून भरते, आठवणीतून नाही.

एखादा विद्यार्थी लॅच आणि दिवे लावून स्वतः बस पाहू इच्छित असेल, तर त्याला ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पाठवावे. ७४एलएस३७३, सॉकेट, ब्रेडबोर्ड हे सगळे तिथे मिळते, आणि दुकानदाराकडे नेमका भाग क्रमांक सांगून वस्तू मागणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

८०८६ कडे जाताना

१९७८ च्या ८०८६ ला जुने मूळ चित्र पुरत नाही, कारण आत दोन विभाग एकाच वेळी काम करतात. बीआययू (बस सांभाळणारा विभाग) पुढच्या इन्स्ट्रक्शनचे बाइट आणून सहा बाइटांच्या रांगेत लावतो, तर ईयू (इन्स्ट्रक्शन पार पाडणारा विभाग) त्या रांगेतून काढून पार पाडतो. म्हणून स्लाइडचे वर-खाली दोन पट्टे करावेत आणि दोन्हींत काळ डावीकडून उजवीकडे एकत्र चालवावा. जम्प आली की रांग रिकामी होते ती स्लाइड लाल रंगात दाखवावी; पाइपलाइनच्या पुढच्या सर्व दुखण्यांचे बीज तिथेच आहे. सेगमेंटसाठी एक बेरीज पुरते: सीएस (सेगमेंटचे रजिस्टर) १२३४ आणि आयपी (त्या सेगमेंटमधले अंतर) ००१० असेल, तर सीएसला एक शून्य जोडून १२३४० अधिक ००१० म्हणजे १२३५०. लगेच विचारावे, सीएस १२३५ आणि आयपी ०००० असेल तर? उत्तर तेच येते, आणि एकाच जागेला अनेक नावे असू शकतात हे व्याख्येविना समजते.

भाषा आणि फाइल

बऱ्याच विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण मराठीतून झालेले असते आणि परीक्षा इंग्रजीतून असते. रजिस्टरला नोंदक म्हणत बसू नये. संज्ञा मूळ ठेवाव्यात आणि वाक्य मराठी बोलावे. ‘पीसीमधला पत्ता बसवर जातो आणि पीसी एकने वाढतो’ हे वाक्य कोणालाही कळते. स्लाइडवर मराठी ओळी लिहिणार असाल, तर त्या युनिकोडमध्येच लिहाव्यात, कारण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेली अक्षरे विभागातल्या दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उघडतात. पीडीएफची एक प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक मोबाइलवर असावी, आणि प्रोजेक्टर बंद पडला तर तेरा टी-स्टेट फळ्यावर काढता येतील एवढी तयारी असावी.

सकाळच्या पहिल्या तासाला कर्जत, कसारा, विरारहून येणारी मुले गाडी रखडली की तुकड्या-तुकड्यांनी वर्गात शिरतात. पावसाळ्यात कुर्ला-शीवदरम्यान रुळांवर पाणी आले, की निम्मा वर्ग तासाभराने येतो. अशा दिवशी नवी सायकल सुरू करू नये. मागच्या तासाची शेवटची स्लाइड पडद्यावर ठेवून आलेल्यांना तिच्यावरचे प्रश्न सोडवायला द्यावेत. स्लाइडच्या छापील प्रती वाटायच्या असतील, तर त्यांत बसवरच्या किमती रिकाम्या सोडाव्यात, म्हणजे उशिरा आलेला विद्यार्थी शेजाऱ्याची वही उतरवण्याऐवजी त्या स्वतः भरेल.

तास संपायला पाच मिनिटे असताना प्रत्येकाकडून नाव न घालता एक चिठ्ठी घ्यावी. तेरा स्लाइडच्या तासाला माझा प्रश्न असतो: चौथ्या मशिन सायकलच्या दुसऱ्या टी-स्टेटमध्ये खालच्या आठ तारांवर कोणता आकडा आहे? बरोबर उत्तर ०सी. चिठ्ठ्यांत ५० हे उत्तर नेहमीच बरेच असते. ज्यांनी ते लिहिले, त्यांच्या डोक्यात पत्ता अजून तारांवरच आहे. लॅचची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नाही. पुढचा तास त्या स्लाइडपासून सुरू करावा.